गीतातले शब्द कोण ऐकतो?

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामाच्या सणाआधी नोव्हेनाची तयारी चालली होती. गायकवृंदाचा सराव संपला होता आणि मुले वाद्ये आवरीत होती. एका नव्या भक्तिगीताच्या दुसऱ्या कडव्याने आम्हांला अडवले होते. त्या कडव्यात बोलतो कोण, देव की भक्त, हेच उमगत नव्हते. पहिल्या दोन ओळी भक्ताच्या वाटत होत्या, तिसरीत देव बोलू लागला होता आणि चौथीला कर्ताच नव्हता. आम्ही ही शंका गिटार वाजवणाऱ्या तरुणाला सांगितली. मुलगा गुणी आहे, नोकरी सांभाळून सरावाला न चुकता येतो. तो हसून म्हणाला, "फादर, शब्द कोण ऐकतो? चाल जमली की लोक आपोआप गातात." बाजूला उभ्या असलेल्या मुलींनी मान डोलावली. आम्हीही हसलो आणि दिवे मालवून बाहेर पडलो. तो प्रश्न मात्र त्या रात्री आमच्याबरोबर घरी आला.

प्रश्न उद्धटपणाचा नव्हता, अनुभवाचा होता. पुढच्या रविवारी मिस्सा सुटल्यावर आम्ही नेहमीप्रमाणे दाराशी उभे होतो. ओळखीच्या चार-पाच जणांना सहज विचारले, "आजच्या प्रवेशगीतात काय म्हटले होते हो?" सर्वांनी चाल गुणगुणून दाखवली. दोघांना ध्रुवपद आठवले. कडवे एकालाही आठवले नाही. एक गृहस्थ तर निरागसपणे म्हणाले, "फादर, छान म्हटलं होतं!" तेव्हा गिटारवाल्या मुलाचे म्हणणे वरवर तरी खरे ठरले. लोक शब्द ऐकत नाहीत. मग गीतकाराने शब्दांसाठी रात्र का जागवावी? यमके जुळवून द्यावीत आणि मोकळे व्हावे.

प्रस्तुत लेखात याच प्रश्नाचा विचार करण्याचे आम्ही योजले आहे. आम्ही संगीताचे जाणकार नाही. सेमिनरीत शिकलेले थोडे पाठांतर आणि वेदीवरून ऐकलेली तीस वर्षांची गाणी, एवढीच आमची शिदोरी आहे. पण शब्दांविषयी बोलायला एक कारण आमच्यापाशी आहे आणि ते फारसे अभिमानाचे नाही. ते पुढे येईलच.

चाल आणि शब्द यांचे भांडण जुने आहे. संत ऑगस्टीन यांनी आपल्या ‘कबुलीजबाबां’च्या दहाव्या भागात ते स्वतःच्या अंतःकरणात लढून पाहिले. गायिलेल्या शब्दांपेक्षा गाणाऱ्याच्या आवाजानेच आपले मन अधिक हेलावते, तेव्हा आपल्या हातून पाप घडते, अशी कबुली ते देतात. अशा वेळी गाणे कानी न पडलेलेच बरे, असेही त्यांना वाटते. अलेक्झांड्रियाचे संत अथानासियुस स्तोत्रपठण इतक्या कमी चढउतारांनी करवीत, की ते गाण्यापेक्षा बोलण्याच्या जवळ जाई. ती रीत अधिक सुरक्षित, असे ऑगस्टीन यांच्या मनात येते. आणि तरीही ते शेवटी गाण्याच्याच बाजूने कौल देतात. कानाला लाभलेल्या आनंदातून दुबळे मनसुद्धा भक्तीकडे उचलले जाते, हा त्यांचा आधार. चालीची सत्ता इतक्या मोठ्या माणसाने मान्य केली, तेथे आम्ही ती नाकारणे हास्यास्पद ठरेल.

पण त्याच ग्रंथाच्या नवव्या भागात आणखी एक प्रसंग आहे आणि आमच्या मते या प्रश्नाचे खरे उत्तर तेथे सापडते. इ. स. ३८७ मध्ये ओस्तिया या बंदरात त्यांची आई मोनिका वारली. ऑगस्टीन यांनी लोकांसमोर डोळ्यांतून टिपूस काढले नाही. दफन झाले. दुःख हलके व्हावे म्हणून त्यांनी स्नान केले, तरी ते हलके झाले नाही. रात्री झोप लागली. जाग आल्यावर अंथरुणावर एकटे पडून असताना त्यांना संत अँब्रोज यांच्या संध्यागीतातील ओळी आठवल्या. सृष्टिकर्त्याने दिवसाला प्रकाशाचे वस्त्र दिले आणि रात्रीला निद्रेचे दान, थकलेल्या गात्रांना विसावा मिळावा आणि शोकाकुल मनाचा भार उतरावा, अशा आशयाच्या त्या ओळी. त्यानंतर कोठे बांध फुटला आणि ते आईसाठी रडले.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. त्या रात्री कोणी गात नव्हते. वाद्य नव्हते, समुदाय नव्हता. मिलानच्या चर्चमध्ये समुदायाबरोबर जे गीत कानी पडले होते, त्याचे शब्द न बोलावता उशाशी येऊन बसले. ऐकताना ऑगस्टीन यांचे लक्ष त्या शब्दांकडे किती होते, हे महत्त्वाचे उरले नाही. शब्द आत गेले होते आणि गरजेच्या घटकेला ते तेथे होते.

आम्हांला हे पटले ते ग्रंथ वाचून नव्हे, एका आजीबाईंच्या खाटेजवळ. आजीबाईंचे वय नव्वदीच्या पुढे गेले होते. स्मृती जवळजवळ गेली होती. पोटच्या मुलाला त्या ओळखत नव्हत्या. आम्हांला तर त्यांनी डॉक्टरच ठरवले. रुग्णाभ्यंगाचा विधी आटोपल्यावर सुनेने पवित्र मरियेचे एक जुने गीत म्हणायला सुरुवात केली आणि आम्ही त्यात आवाज मिसळला. दुसऱ्या ओळीला आजीबाईंचे ओठ हलू लागले. तिन्ही कडवी त्यांनी क्रमाने, न अडखळता म्हटली. मध्येच एके ठिकाणी आम्ही ‘आश्रय’ म्हटले. आजीबाई थांबल्या, आमच्याकडे रोखून पाहिले आणि स्पष्टपणे म्हणाल्या, "आसरा." नव्या पुस्तिकेत कोणीतरी तो शब्द सुधारला होता. आजीबाईंच्या ठायी मूळचाच शब्द शाबूत होता. स्वतःच्या मुलाचे नाव गेले, पण गीतातला एक शब्द बदललेला त्यांना चालला नाही!

तेव्हा ‘शब्द कोण ऐकतो’ या प्रश्नाचे आमचे उत्तर असे आहे. ऐकताना बहुधा कोणी ऐकत नाही. पण शब्द चालीच्या पाठीवर बसून, आपल्याला नकळत, आत येतात आणि राहतात. प्रवचन ऐकताना माणूस सावध असतो. पटले तर घेतो, नाही तर सोडून देतो. गीताच्या वेळी दार सताड उघडे असते. म्हणूनच गीतकाराची जबाबदारी प्रवचनकारापेक्षाही मोठी आहे. ऐकणाऱ्याचे लक्ष नाही म्हणून काहीही लिहिलेले चालते, हा निष्कर्ष उलटा आहे. लक्ष नसलेल्या माणसाच्या घरात आपण काय ठेवून येतो, याचा हिशेब आपल्यालाच द्यायचा असतो.

आता आमचे कारण. सेमिनरीत असताना, १९९३ च्या सुमारास, आम्हीही एक भक्तिगीत लिहिले होते. त्या वेळी गाजत असलेल्या एका चित्रपटगीताची चाल घेतली आणि एका दुपारी तिच्यावर शब्द बसवले. ‘प्रकाश’ला ‘आकाश’ मिळाले, ‘प्रीती’ला ‘नीती’ मिळाली. मध्ये मात्रा कमी पडल्या तेथे ‘रे’ आणि ‘हो’ घातले. सोबत्यांनी टाळ्या वाजवल्या. गीत पसरले. कॅसेटवर आले, पुस्तिकेत आले. कोणाचे आहे हे लोक विसरले आणि ते सर्वांचे झाले. त्याचे आम्हांला कौतुक वाटत असे.

पुढे आम्ही एका धर्मग्रामात असताना बावीस वर्षांचा एक मुलगा अपघातात गेला. अंत्यविधीला चर्च भरून गेले होते. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी गायकवृंदाने आमचे ते गीत सुरू केले, कारण ते सर्वांना येत होते. आम्ही वेदीवर उभे. समोर पहिल्या बाकावर त्याची आई. आमचे शब्द एकामागून एक तिच्यापर्यंत जात होते आणि प्रत्येक शब्द पोकळ निघत होता. प्रकाश होता, पण कशावर पडलेला, ते कळत नव्हते. आकाश होते, पण त्याखाली माणूस नव्हता. त्या चार कडव्यांत मरणाला, दुःखाला, फार काय, ख्रिस्ताच्या क्रुसालाही जागा नव्हती. सातव्या दिवशी आम्ही त्यांच्या घरी गेलो. बोलता बोलता ती माउली म्हणाली, "फादर, मुलांनी गाणं छान म्हटलं. पण ते काय सांगत होतं, ते मला काही लागलं नाही." गीत कोणी लिहिले होते हे तिला ठाऊक नव्हते. आम्ही सांगितलेही नाही. ते धैर्य तेव्हा झाले नाही. आज येथे सांगत आहोत.

तेव्हापासून चांगले गीत कशाला म्हणावे, याचा आम्ही थोडा शोध घेतला. त्यातील काही निष्कर्ष वाचकांपुढे ठेवतो.

कविता आणि गीत यांच्या अटी वेगळ्या आहेत. कविता कागदावर थांबते. वाचक मागे वळून ओळ पुन्हा वाचू शकतो. गीत कानावरून वाहून जाते. ऐकणाऱ्याला मागे वळण्याची मुभा नाही, म्हणून गीताची ओळ एका ऐकण्यात पोहोचली पाहिजे. तीत दडलेला अर्थ पुढे दहाव्या, विसाव्या वेळी उलगडला तर उत्तमच. पण पहिल्या वेळी ऐकणाऱ्याच्या हाती काहीतरी लागलेच पाहिजे.

दुसरी अट भाषेच्या शरीराची आहे. मराठीत ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. ‘सुर’ म्हणजे देव आणि ‘सूर’ म्हणजे स्वर. चालीने ‘दि’ हे अक्षर दोन मात्रा जास्त रेंगाळत ठेवले, की प्रभुजन्माचा मंगल दिवस ऐकणाऱ्याच्या कानी गरीब होऊन पोहोचतो. श्वास कोठे तोडायचा, हेही तितकेच महत्त्वाचे. ‘सदा चरण’ आणि ‘सदाचरण’ यांत फरक आहे तो अर्ध्या श्वासाचा. पण पहिल्यात भक्त प्रभूच्या पायाशी बसतो आणि दुसऱ्यात नीतीचा पाठ सुरू होतो. गीतकाराने आपली ओळ मोठ्याने म्हणून पाहिली नाही, तर असे अपघात अटळ आहेत.

परक्या चालीवर मराठी शब्द बसवताना ही अडचण दुणावते. इंग्रजी भक्तिगीतांची वृत्ते आघातावर चालतात. पुष्कळ वेळा ओळीचा पहिला स्वर हलका असतो आणि दुसऱ्यावर भार पडतो. मराठीत शब्दाच्या शेवटी प्रत्यय लागतात. परिणामी भाषांतरित गीतात ओळीतला सर्वांत उंच आणि लांब स्वर नेमका ‘च्या’, ‘ला’ किंवा ‘ने’ यांच्या वाट्याला येतो. ‘प्रभू’ घाईघाईने उरकला जातो आणि शेकडो कंठ एकवटून ‘च्या’चा जयघोष करतात! आपल्यापैकी पुष्कळांनी असा जयघोष अनेक वर्षे मनोभावे केला आहे. देवाने तो स्वीकारलाही असेल. पण मराठीने स्वीकारला नाही.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे (१८६१–१९१९) मोठेपण येथे जाणवते. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो प्रॉटेस्टंट मंडळीत. त्या काळी मराठी ख्रिस्ती उपासनेत पाश्चात्त्य चालींवरच्या भाषांतरित गीतांचा मोठा भरणा होता. टिळक स्वतः कवी होते आणि संतवाङ्मयावर पोसलेले होते. त्यांनी ख्रिस्तभक्तीला अभंगाची, भजनाची, कीर्तनाची वाट दिली. अभंगाच्या चालीत आघात आणि अर्थ भांडत नाहीत, कारण ती चाल मराठी बोलण्याच्याच लयीतून घडलेली आहे. टिळकांची गीते पंथांची कुंपणे ओलांडून गेली, याचे एक कारण त्यांची भक्ती आणि दुसरे त्यांचे मराठी.

ही वाट टिळकांच्याही आधी एका कॅथलिक धर्मगुरूने चोखाळली होती. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ. त्यांनी ओवीच का निवडली, याचे उत्तर मराठी घरांत मिळते. जात्यावरची ओवी घ्या. चाल एकच, पिढ्यान्‌पिढ्या तीच. शब्द मात्र प्रत्येक बाईचे वेगळे. त्यात तिचे माहेर असते, भाऊ असतो, लेकराचे आजारपण असते. तेथे चाल ही सर्वांच्या मालकीची विहीर आणि शब्द हे ज्याच्या त्याच्या घागरीतले पाणी. बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी घरच्यांनी ऐकून टिपली आणि त्यांच्या निधनानंतर, १९५२ मध्ये, ती पुस्तकरूपाने आली. ‘शब्द कोण ऐकतो’ असे त्या घरातील माणसे म्हणाली असती, तर मराठी साहित्य एका मोठ्या ठेव्याला मुकले असते. स्टीफन्सनी ही विहीर ओळखली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने गोव्यात स्थानिक भाषांविरुद्ध फर्मान काढले. ‘ख्रिस्तपुराणा’च्या मूळ छापील प्रतीही आज उपलब्ध नाहीत. हस्तलिखितांतून आणि लोकांच्या कंठांतून ग्रंथ जगला आणि १९०७ मध्ये मंगळूर येथे पुन्हा छापला गेला.

आता आमच्या काळाच्या जवळचे आणि आमच्या मते गीतलेखनाचा आदर्श ठरावा असे एक उदाहरण घेऊ. ग. दि. माडगूळकरांचे ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झाले. दर आठवड्याला एक नवे गीत, याप्रमाणे वर्षभरात छप्पन्न गीते झाली. संगीत सुधीर फडके यांचे. नभोवाणीवर चित्र नाही, रंगमंच नाही. समोर छापील कागद असेलच असे नाही. शब्द आणि स्वर एवढ्यावरच सारी मदार.

त्यातील चित्रकूटावरचे गीत पाहा. भरत रामाला परत न्यायला आला आहे. पिता गेलेला, आई दोषी ठरलेली, भाऊ वनात; शोक आणि अपराधभाव यांनी तो पिळवटला आहे. अशा माणसाला काय सांगावे? आमच्यासारखा हौशी गीतकार ‘रडू नको’ येथून आरंभ करील. माडगूळकर तसे करीत नाहीत. राम पहिल्यांदा दोष काढून टाकतो: आई दोषी नाही, पिताही नाही. मग तो जगाची रीत सांगतो: चढाचा शेवट उतारात, भेटीचा शेवट ताटातुटीत. मग मरणाचे नाव घेतो. आडपडदा ठेवीत नाही. त्यानंतर सागरात वाहणाऱ्या दोन ओंडक्यांची प्रतिमा येते: एकमेकांना भेटलेले, एका लाटेने दूर झालेले. अश्रू पुसण्याची गोष्ट निघते ती इतके सारे सांगून झाल्यावर. आणि शेवटी काम सांगितले जाते: अयोध्येला जा, राज्य सांभाळ. ज्याला शोकग्रस्ताच्या घरी जावे लागते, त्याने हा क्रम पाठ करून ठेवावा. सांत्वन कसे करावे याचे याहून चांगले शिक्षण आम्हांला सेमिनरीतही फारसे मिळाले नाही.

शब्दांची निवडही तितकीच विचारपूर्वक आहे. लाकडांची ती प्रतिमा मूळची वाल्मीकींची. संस्कृतातील लाकडाला माडगूळकरांनी ‘ओंडका’ केले. ओंडका हा चुलीजवळचा, अंगणातला शब्द. महासागराशेजारी तो ठेवला आणि शेतकऱ्यापासून प्राध्यापकापर्यंत सर्वांना चित्र दिसले. फडक्यांनी चाल संथ ठेवली. चाल पुढे पुढे करीत नाही, शब्दाला वाट करून देते. म्हणूनच मराठी घरांत कोणी गेले, की हे गीत आजही आठवते. त्यातील दैवविचार आणि आपली पुनरुत्थानाची आशा एक नव्हेत, हे आम्ही जाणतो. पण त्या आशेसाठी इतकेच अचूक, इतकेच धीराचे शब्द आम्ही अंत्यविधीच्या गीतांत लिहिले आहेत का? आमच्यापुरते उत्तर आम्ही वर दिलेच आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे. आमच्या आजीआजोबांनी लॅटिन मिस्सा ऐकली. शब्द कळत नव्हते, तरी त्यांची श्रद्धा आमच्यापेक्षा उणी नव्हती. मग शब्दांचे एवढे कसले माहात्म्य? आम्ही असे म्हणू, की त्या पिढीची शब्दांची भूक घरी भागत होती. सायंकाळची रोझरी, बोलीतली लग्नगीते, उपवासकाळातील प्रार्थना यांत शब्द त्यांच्या जिभेवरचे होते. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि लोकभाषेला दार उघडले. भक्तिगीतांचे शब्द धर्मशिकवणीशी सुसंगत असावेत आणि ते प्रामुख्याने पवित्र शास्त्र व उपासना यांच्या झऱ्यांतून घेतलेले असावेत, असेही त्यात सांगितले आहे. दार उघडल्याला साठ वर्षे उलटली. त्या दारातून आम्ही आत काय आणले, हे पाहण्याची वेळ आली आहे. लॅटिन न कळणारा माणूस निदान शब्दांपुढे नम्र होता. कळणाऱ्या भाषेत पोकळ बोलणे हा त्याहून मोठा अडथळा आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. चाल एका क्षणात मिळते, शब्द पडद्यावर दिसतात आणि गीत संपताच पुसले जातात. गायकवृंदातील मुलांनाही ते पाठ नसतात. आम्ही यंत्राला नावे ठेवीत नाही. पण जे पाठ झाले नाही ते नव्वदाव्या वर्षी खाटेवर सोबतीला येणार नाही, एवढे मात्र खरे. म्हणून धर्मग्रामातील कुटुंबांना आमची एक साधी विनंती आहे. शनिवारी रात्री रोझरी झाल्यावर उद्याच्या गीतांपैकी एकाचे शब्द, चाल बाजूला ठेवून, घरातील एकाने मोठ्याने वाचावेत. अर्थ लागला नाही तर दोष स्वतःकडे घेऊ नये. सोमवारी आमच्याकडे यावे. आणि जे तरुण गीते लिहितात त्यांनी आपले कडवे प्रथम एखाद्या म्हाताऱ्या माणसाला वाचून दाखवावे. त्याने ‘पुन्हा म्हण’ म्हटले, तर ते एकतर फार चांगले असते किंवा अजिबात कळलेले नसते. दोहोंतील फरक चेहऱ्यावर दिसतो.

त्या गिटारवाल्या तरुणाला आम्ही सणाच्या चार दिवस आधी बोलावून घेतले आणि दुसरे कडवे चाल न लावता वाचायला सांगितले. तिसऱ्या ओळीला तो थांबला. म्हणाला, "फादर, इथं बोलतंय कोण?" आम्ही म्हटले, "बाळा, तेच तर आम्ही विचारीत होतो." दोन तास बसून आम्ही दोघांनी चार ओळी नीट केल्या, बदललेल्या शब्दांपैकी चांगले शब्द त्याचे होते. सणाच्या दिवशी ते कडवे गायिले गेले. कोणाच्या काही लक्षात आले नाही.

आमच्या त्या जुन्या गीताविषयीही सांगून टाकतो. अंत्यविधीला ते गाऊ नये, अशी विनंती आम्ही ओळखीच्या गायकवृंदांना केली आहे. चाल ज्यांना हवी त्यांनी ठेवावी. शब्द आम्ही नव्याने लिहीत आहोत, त्या माउलीला समोर बसवल्याची कल्पना करून. पूर्वी चार कडवी एका दुपारी झाली होती. आता तीन महिन्यांत दोन झाली आहेत आणि दुसऱ्याची शेवटची ओळ अजून मनासारखी उतरलेली नाही.